दुसऱ्या रिळातला हात

इतवारीच्या टॉकीजात मी एकतीस वर्षं बॅटरी धरली.
पिक्चर पाहिले, असं मात्र म्हणवत नाही.
दाराशी उभा माणूस गोष्ट तुकड्यांत पाहतो:
अर्धी मारामारी, मग उशिरा आलेलं एखादं कुटुंब,
मग थेट कुणाची तरी चिता.

तरी माझं काही अडलं नाही.
तांडापेठेत कवडूमामाच्या मागाशेजारी बसून
मी सगळ्यांना आधीच ओळखून होतो.
धोटा डावीकडून उजवीकडे गेला की राजपुत्र निघायचा,
उलटा आला की संकट.
सूत तुटलं तर मामा थांबून गाठ मारायचा,
आणि राक्षस तेवढा वेळ
तोंड वासून उभा.

तेच सगळे बिनतिकिटाचे आत येत.
राक्षसानं शिंगं उतरवून सफारी चढवलेली,
जीव पोपटातून काढून
तिजोरीतल्या लाल वहीत ठेवलेला.
नावडती राणी गोठ्यातून उठून
शिवणयंत्रावर बसलेली, खोकत.
भाऊ ज्याला बावळट म्हणत त्या धाकट्याच्या हातात
बी.ए.ची सुरळी.
आणि तो कुंभार,
आयत्या मेलेल्या राक्षसाची मुंडकी गोळा करून
"म्याच मारला, महाराज" म्हणत दरबारात जाणारा,
तो शेवटच्या पाच मिनिटांत यायचा
जीपमधून, शिट्टी फुंकत, शिपायांसह.
मी एकटाच हसायचो.
मॅनेजर ढोमणे खेकसायचे,
"काऊन बे? लोकं रडून राह्यले."

एकीकडे तेवढं माझं लक्ष नसायचं.
वाटेवरची बाई.
पाणी पाजते, रस्ता सांगते,
पदराच्या गाठीतून तीन हरभरे देते,
की धोटा पुढे.
लहानपणी एकदा विचारलं होतं,
मामा, ती मग कुठं जाते?
"कुठीच नाही. तिचं काम झालं."

मे महिन्यातली मॅटिनी. कूलरला नवा वाळा.
माणसं पिक्चरला कमी, झोपायला जास्त.
एक बाई आली, हिरवं लुगडं, हाताला घाम.
"दंडारीत काम करतो मी," म्हणाली,
"ह्या पिक्चरमंदी बी हावो. रामटेकच्या वाटेवर
हिरोले पाणी पाजलं. अकरा खेप पाजलं,
थो बिचारा फुगून गेला."
नाव विचारलं. गोपिका निनावे.
आडनावावर मी काही बोललो नाही.

दुसऱ्या रिळात हिरो उन्हात कोसळला.
ओठ फाटलेले. गिधाड. तंबोऱ्याचा आवाज.
चौकटीबाहेरून एक लोटा आत आला,
लोट्यामागे मनगट,
मनगटावर गोंदलेला विंचू.
पाणी. लगेच घोडा. लगेच गाणं.

मी बॅटरी खाली धरून तिच्या रांगेपाशी गेलो.
काय बोलणार? कापतात, बाई, असं म्हणणार होतो.
तिनं हात पुढे केला, बॅटरीच्या उजेडात,
उलटा, सुलटा.
"पाह्यजा," म्हणाली, "माहाच हाये."

गुरुवारी ती पुन्हा आली.
सोबत अकरा जण: जाऊ, जावयाची आई,
दंडारीतला ढोलक्या, एक पाय बांधलेलं पोर,
आणि तिचा नवरा, नवा शर्ट, इस्त्रीची घडी तशीच.
बाल्कनीची तिकिटं. मी ओळीनं बसवलं.
लोटा आला. विंचू आला.
पोर ओरडलं, "मोठीमाय!"
शेजारी झोपलेला व्यापारी दचकून उठला.

आणि मग ते सगळे उभे राहिले.
बाराच्या बारा.
हिरो नुकता घोड्यावर बसत होता,
राक्षसाची वही अजून सापडायची होती,
राणीचं यंत्र चालायचं होतं.
"बसा न," मी म्हटलं, "बाकीच हाये सगळं."
"आमचा झाला," नवरा म्हणाला.

मी बॅटरी पायरीपायरीवर धरली.
दारात ऊन असं की डोळे मिटावे लागले.
तिनं पदराची गाठ सोडून
माझ्या हातावर फुटाणे ठेवले.
मी मोजले नाहीत.
आत घोडा दौडत होता, ऐकू येत होतं.
मी बाहेरच उभा राहून
एकेक खात राहिलो.